पट्टा कोणाच्या दंडावर

१ मार्च, सकाळ
हॉस्पिटलने घरी टॅबलेट पाठवला. सोबत प्रेशरचा पट्टा. रोज दहाला दंडाला बांधायचा, आकडे आपोआप तिकडे जातात आणि मग पडद्यावर एक नर्स येऊन विचारते, कसं वाटतंय. अडतीस वर्षं मी नर्स होते, त्यातली अकरा मेट्रन. आणि मला विचारतात. गेल्या महिन्यात जिन्यात चक्कर आली ती जिना अरुंद म्हणून.
पडद्यावर कोण, तर चिमणी. माझीच विद्यार्थिनी. पहिल्या आठवड्यात रक्त पाहून ट्रेवर कोसळलेली. नाडी सापडेना म्हणून तिच्या बोटांवर मी फोर्सेप्स हाणला होता. आता खुर्चीत बसून चाळीस पेशंट सांभाळते, एकालाही हात न लावता.
निश्चय: राग आवरणे.

१ मार्च, सव्वादहा
टॅबलेटच्या थोबाडीत दिली. सुरुवात त्याने केली. तीनदा म्हणाला, दंड हलवू नका. १८४/१०६. पट्टा सदोष.

३ मार्च
नर्सिंग कॉलेजचं पत्र. वीस तारखेला माझं व्याख्यान, परगावी. विषय ‘स्पर्श हेच नर्सिंग’. पडद्यावरून पेशंट बघायच्या ह्या टेलिहेल्थची कातडी सोलून स्टेजवर वाळत घालणार आहे.
चिमणीला मुद्दाम कळवलं. म्हणाली, मॅडम, आकडे असेच राहिले तर डॉक्टर प्रवास सोडाच, जिनाही उतरू देणार नाहीत. ऍडमिट करतील.
उशी फाडली. जुनीच होती.

४ मार्च
तोडगा सापडला. पट्टा ह्यांच्या दंडावर. हे रिटायर्ड ड्राफ्ट्समन, स्वभावाने गार. कॅमेऱ्यात माझा चेहरा, टेबलाआड ह्यांचा हात. १२४/७८.
हे म्हणाले, अगं, पण हे खोटं नाही का? शाळेत नन्स खोटं बोलणाऱ्या मुलीची जीभ साबणाने धुवायच्या, म्हणून सांगते, मी एक शब्दही बोललेले नाही. पट्टा बोलला. ह्यांना बजावलं, हलाल तर मनगट पिरगाळीन.
चिमणी खूश. माझी प्रकृती ठणठणीत असल्याचं आता रेकॉर्डवर आहे.

९ मार्च
चिमणी म्हणते, मॅडम, तुमचे ठोके अनियमित येताहेत, ईसीजी काढू या. म्हटलं, ठोके तुझ्या वायरीत चुकतात. नाडी बोटांनी बघतात. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांना मी वॉर्डाबाहेर हाकलत असे, आठवतं ना? म्हणाली, आठवतं मॅडम, बोटंही आठवतात. मग आत्ता तशीच बघा.
बघितली. माझी. घड्याळासारखी. यंत्र तोंडावर आपटलं.
विजयाच्या भरात टॅबलेटवर खलबत्त्यातला बत्ता घातला. काच तडकली, चिमणीचे दोन तुकडे झाले. दोन्ही बोलत राहिले.

११ मार्च
हे जिना चढताना दोनदा पायरीवर बसले. आळस. पाठीत रपाटा घालून उठवलं. व्याख्यान पाठ म्हणून दाखवलं तर ऐकता ऐकता डोळे मिटले. वही फेकून मारली. नेम अजून शाबूत आहे.

१३ मार्च, सकाळ
हे हलले. पट्टा बांधलेला हात थरथरत होता, चहा माझ्या कागदांवर. चमचा भिरकावला, कपाळाला लागला. ठोके १४८.
चिमणी म्हणाली, अँब्युलन्स पाठवते. म्हटलं, पाठव, येईल त्याची तंगडी मोडीन. पाठवली. मोठ्यांचं ऐकायची पद्धतच राहिली नाही.

१३ मार्च, दुपारी, हॉस्पिटलच्या बाकावर
क्रमाने लिहिते.
दोघे स्ट्रेचर घेऊन आले, मला न्यायला. पहिल्याच्या खांद्यावर बत्ता बसला. दुसऱ्याचा कान माझ्या दातांत आला, कसा ते ठाऊक नाही. मला आडवं पाडून स्ट्रेचरचे पट्टे आवळले. मी लाथा झाडल्या. आरसा गेला, खुर्चीचा पाय गेला. तडकलेल्या काचेतून चिमणी सारखं विचारत होती, मॅडम, मागे सर असे का बसलेत? त्यांचे ओठ निळे दिसताहेत.
मला मान वळवता येईना. मागून हे अगदी हळू म्हणाले, अगं, सांग ना त्यांना, पट्टा माझ्या हातावर आहे.
सांगितलं.
मला सोडून ह्यांना उचललं. चिमणी म्हणाली, मॅडम, पोचेपर्यंत नाडी धरून ठेवा. पूर्ण एक मिनिट. अँब्युलन्समध्ये मनगट धरलं. सापडेना. समोर कान धरून बसलेल्या माणसाने माझी बोटं उचलून जरा वर ठेवली. तिथे होती. धावत, अडखळत.
चाळीस वर्षांच्या संसारात हे मनगट मी पिरगाळायलाच धरलं होतं.

२० मार्च
व्याख्यान रद्द. हे काल घरी आले. डॉक्टर म्हणाले, नऊ तारखेपासूनचा एकेक चुकलेला ठोका पट्ट्याने टिपलाय, म्हणून उपचार लगेच ठरले. फक्त ते सगळे माझ्या नावावर होते. अँब्युलन्सवाल्यांपैकी एकाचा खांदा प्लास्टरमध्ये आहे, दुसऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.
हॉस्पिटलचा नवा नियम: चेहरा आणि पट्टा बांधलेला दंड कॅमेऱ्यात एकत्र दिसला पाहिजे. चाळीसही पेशंटना लागू. चिमणीने कारण कुणाला सांगितलेलं नाही. तरी सगळे त्याला मेट्रनचा नियम म्हणतात.
आज दहाला पट्टा माझ्या दंडावर. १८८/११०. चिमणीने लिहून घेतलं. हे शेजारी बसून माझ्या दुसऱ्या हाताची नाडी बघत होते. पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणायला लागले.
मी हात उगारणार होते. पण पट्टा बांधलेला असताना हलायचं नसतं.