मिटलेल्या पुस्तकातलं वाचन

ता. ४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लिफाफ्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवतो. प्रश्नावलीच्या सहा पानांना तू सात टाचण्या मारल्यास. त्या काढताना माझ्या तर्जनीचं जे झालं, त्याचं वर्णन वीररसातच व्हायला हवं. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, पण या बोटातून कधी रक्त आलं नव्हतं.

असो. भिंगरीला तिच्या आत्याच्या, म्हणजे तुझ्या, मुलांच्या तपासणी केंद्रात आणायला माझी हरकत नाही. तिच्या वर्गशिक्षिका म्हणतात, नऊ वर्षांची झाली तरी पोरीला एक ओळ वाचता येत नाही. मी म्हणतो, रोज संध्याकाळी ती मला पुस्तक वाचून दाखवते, तेही न अडखळता. नैयायिक प्रत्यक्षाला पहिलं प्रमाण मानतात. मी माझ्या कानांना मानतो. म्हणून वाचनाच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं आहे. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्याशी वाद घालणारं घरात कुणी नाही. तेवढं काम तू कर.

इकडून आशीर्वादात काटकसर नाही. तिकडून जीव लावण्यात नसावी.

तुझा दादा


ता. १९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

टाचण्यांबद्दल माफी. पुढच्या वेळी आठ मारीन.

सख्ख्या भाचीची तपासणी मी करत नाही. सहकारी बाईंनी केली, मी मागे बसले. डोळे, कान ठीक. ठोकळ्यांची कोडी तिने वयाच्या मानाने फार भराभर सोडवली. ऐकलेलं सगळं नीट समजतं. पण वीस सुट्या शब्दांपैकी तीनच वाचता आले. तुझं ‘उत्तम’ कुठे बसवायचं ते कळेना, म्हणून बाईंनी तिला तुमचं घरचं पुस्तक वाचायला सांगितलं.

ती छान वाचू लागली. बाईंनी दोन पानं एकदम उलटली. ती थांबली नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. ती मिटलेल्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत वाचतच राहिली. दर दोन वाक्यांनी श्वास घ्यायला थांबायची आणि नाकावर नसलेला चष्मा वर सरकवायची. दादा, शेवटच्या आजारपणात वहिनी तिला अशीच गोष्ट वाचून दाखवायची. आवाजही भिंगरीचा नव्हता. बाईंनी वहिनीला कधी पाहिलेलं नाही, तरी त्यांनी मला हळूच विचारलं, ही कुणाच्या आवाजात बोलते आहे?

मंगळवारी शाळेत बैठक आहे. वाचनाची ही अडचण तिची मुळातलीच आहे, की तिला कुणी नीट शिकवलंच नाही, हे ठरवायचं आहे. मुळातली ठरली तर तिला स्वतंत्र शिक्षिका आणि परीक्षेत जादा वेळ मिळेल; नाहीतर खालच्या वर्गात बसवतील. तू ‘उत्तम’वर अडून बसलास तर त्यांना काहीच ठरवता येणार नाही. खरं काय ते लिही.

रागव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी


ता. २३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वाद तू जिंकलास. दुरुस्त केलेलं पान सोबत आहे. तिची आई असताना आणि त्यानंतरही वर्षभर मी तिला रोज अक्षरं गिरवायला बसवलं. सकाळी ओळखीचं झालेलं अक्षर दुपारी तिला परकं व्हायचं. शिकवण्यात कसूर नव्हती, हे बैठकीत सांग.

दोन वर्षांपूर्वी एकदा तिने पुस्तक उलटं धरून वाचलं. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा मी. मी ते हळूच सुलटं केलं आणि ऐकत बसलो. तेव्हापासून मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यापासून ती पुस्तकात नसलेलंही वाचते. परवा गोष्टीच्या मधेच म्हणाली, चष्मा काढा आता, अक्षरं कुठे पळून जात नाहीत. हे तिची आई मला छापखान्यात येऊन म्हणायची, भिंगरीच्या जन्माआधी. नंतर कधी म्हणाली नाही, आणि मीही हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी चष्मा काढून ठेवला.

मंगळवारी तिला घेऊन येतो. शिक्षिकेकडे पाठवायचं, हे पक्कं. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आता त्याची गरज पडेल. ती वाचायला शिकणार नाही, अशी भीती मला कधीच वाटली नाही. शिकेल, आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर बसून स्वतःच्या आवाजात वाचेल, याची वाटते.

तुझा दादा