कोस्तान्झाचे डोळे

फ्लॉरेन्स, १२ फेब्रुवारी १४५८

चि. सिस्टर उमिलिआनास,

आशीर्वाद. मठात गेलेल्या मुलीला चिरंजीव लिहावं की आदरणीय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मदरना नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक आहे. आत्याचा खोकला कमी आहे. तू पाठवलेली बदामाची बिस्किटं पोचली. आत्याने ती कुलपात ठेवली आहेत, त्यामुळे चव कळवता येत नाही.

आपली धाकटी कोस्तान्झा जाऊन महिना होईल. तिचं आणि बाळाचं सगळं मागच्या पत्रात लिहिलं आहे. एक गोष्ट राहिली होती. तिला चर्चमध्ये नेण्याआधी आपल्या जावयांनी, नेरींनी, मेओ शिल्पकाराला बोलावून तिच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा काढून घेतला. हे आता बऱ्याच घरांत करतात. नेरी सध्या जुन्या लॅटिन पोथ्या वाचणाऱ्या मंडळींत असतात. प्राचीन रोमन आपल्या मेलेल्यांचे चेहरे घरात ठेवत, ती रीत आपणही परत आणली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आत्या म्हणाली, "मेल्यावरही घर सोडत नव्हते, म्हणून तर त्यांचं राज्य बुडालं." नेरी हसले नाहीत.

त्या साच्यावरून मेओ संगमरवरात तिचा अर्धपुतळा करणार आहे. अडचण अशी, की साच्यात डोळे मिटलेले आहेत. शिवाय निजलेल्या माणसाचे गाल प्लास्टरच्या भाराने कानांकडे ओघळतात. मेओ म्हणतो, मेलेली सगळी माणसं एकमेकांची भावंडं दिसतात. माझ्या लहानपणचा कारागीर असता, तर त्याने कुठल्याही संतिणीचे डोळे तिला देऊन टाकले असते आणि कोणी काही बोललं नसतं. आताच्या लोकांना ते चालत नाही. ज्याचा पुतळा त्याचीच नजर लागते. मेओने मला विचारलं, ती बघायची कशी? मी म्हटलं, डोळे तपकिरी होते. त्यावर तो म्हणाला, "नोटरीसाहेब, दगड पांढरा आहे."

मग आत्याने तुझं नाव काढलं; ती तुला अजून दियानोराच म्हणते. तुम्हा दोघींचे डोळे अगदी एक, असं ती म्हणते. मदरनी परवानगी दिली तर मेओ माती घेऊन प्रातोला तुमच्या मठात येईल आणि भेटीच्या खोलीत जाळीपलीकडून तुझा चेहरा बघून काम करील. तुझी हरकत नसावी.

तुझे वडील,
लापो

फ्लॉरेन्स, ४ मार्च

चि. सिस्टर उमिलिआनास,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. मदरनी होकार दिला, बरं झालं. तू विचारतेस की आत्याने सांगण्याआधी तुमचे डोळे सारखे आहेत हे मला माहीत होतं का. त्याबद्दल सावकाश लिहीन. सध्या कचेरीत मृत्युपत्रांचं काम फार आहे.

जुन्या गोष्टीचा तू उल्लेख केला नाहीस, म्हणून मीही करत नाही. त्या वेळी एकीच्याच हुंड्याची सोय होती, आणि मागणी धाकटीला आली होती. हे तुला ठाऊक आहे.

मेओ सोमवारी खेचरावरून निघेल. माती ओल्या फडक्यांत असते, तेव्हा त्याला पाणी लागेल. माणूस बोलका आहे. सगळ्याला उत्तर द्यायची गरज नाही.

तुझे वडील,
लापो

फ्लॉरेन्स, २१ मार्च

चि. सिस्टर उमिलिआनास,

आशीर्वाद. मेओ मातीचा नमुना घेऊन काल घरी आला. आत्या, नेरी आणि मी, तिघेच होतो. त्याने फडकं काढलं.

केस कोस्तान्झाचे होते. सणाला ती घालायची तशी वेणी. कपाळही साच्यावरून घेतलेलं. नेरींनी नमुन्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "ही माझी बायको नाही. ती माझ्याकडे असं कधी बघत नव्हती. ही काहीतरी विचारते आहे."

मेओ म्हणाला, त्याने कोस्तान्झा आणायचा प्रयत्न पुष्कळ केला. पण जाळीपलीकडे जी बसली होती तीच हाताखाली येत गेली. खोटं करणं त्याला जमलं नसतं, आणि नेरींनाही ते नको होतं. नेरींनी ते मान्य केलं. कोस्तान्झाचा पुतळा आता मिटलेल्या डोळ्यांचाच होईल, झोपल्यासारखा. मला वाटतं, तेच योग्य.

मेओने मातीवर पाणी शिंपडलं. ती मोडून तो दुसऱ्या कामाला घेणार होता. त्यांची तशीच पद्धत असते. त्याने अंगठा गालावर ठेवला होता तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं. नेरींना वाटलं, माझा पुतळ्याबद्दल काही आक्षेप आहे. मी म्हटलं, भट्टीत भाजून मला आणून दे. ठेवणार कुठे, असं आत्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मेजासमोर.

"मेलेल्यांचे ठेवतात रे," आत्या म्हणाली. "जिवंत मुलीचा ठेवणारा तू पहिलाच."

नेरी गेल्यावर ती पुन्हा आत आली आणि मातीसमोर बसून राहिली. जाताना तिने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. बिस्किटं चांगली होती.

ईस्टरनंतर कचेरी काही दिवस बंद असते. प्रातोला यायचा विचार आहे. तू मठात गेल्यापासून मी आलेलो नाही. भेटीच्या वेळा मला माहीत नाहीत, त्या कळव. बोलायला काही सुचलं नाही तरी थोडा वेळ बसू दे. मी येऊ नये असं तुला वाटत असेल, तर उत्तर पाठवू नकोस. मी समजेन.

दियानोराचा बाप