दोन काचांमधलं धुकं

माय, सगळ्यात आधी आली ती समोरच्या ढाबेवाल्याची बायको. खिडकीवाले दुपारी येणार होते, पण हिला सकाळीच कुठून सुगावा लागला कोण जाणे. भांडं परत द्यायचं निमित्त करून आत शिरली, बसली, अन् बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, खिडकीला काय झालं वो? काचेवर धूर बसल्यावानी दिसून राहिला." माय, मला इतका आनंद झाला की तिला दुधाचा चहा तर पाजलाच, वर सुनेच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू काढून दिले, ज्यांना मी घरात कुणाला हात लावू देत नव्हते. लाडू खाताना ती नजर लागल्याचं सांगत बसली. नवं घर, रोडच्या कडेला, येणारा-जाणारा बघतो, वगैरे. मी नुसती मान हलवत होते. मला धूसर दिसतं, तिलाही धूसर दिसलं, म्हणजे काचच धूसर आहे, एवढंच माझ्या मनात नाचत होतं.

तुला या खिडकीचं सांगायला पाहिजे. आपल्या घराला खिडकी कुठं होती? धूर जायला पत्र्याला एक भोक, तेवढंच. तुझ्या नातवानं कनेरगाव नाक्याच्या अलीकडं रस्त्यालगत घर बांधलं. वाशिमकडं जाणारे ट्रक सारखे हॉर्न मारत जातात, लेकरू दचकून उठायचं. तुझी पणती, माय. अजून बसता येत नाही तिला, पण हसते, अन् हसली की एकाच गालाला खळी पडते, दुसऱ्याला नाही. तिच्यासाठी त्यानं समोरच्या खोलीला अन् निजायच्या खोलीला अशा खिडक्या बसवल्या की एका चौकटीत दोन काचा, अन् मधे कोंडलेली हवा. आवाज आत येतच नाही. पहिल्या दिवशी खिडकीतून ट्रक जाताना दिसला अन् ऐकू काहीच आलं नाही, तर मला वाटलं मी बहिरी झाले. सून किती हसली. मीही हसले. तेव्हा हसता आलं.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, अन् मला खिडकीत धुकं दिसायला लागलं. फडक्यानं पुसलं, ओल्या पेपरानं पुसलं, राख लावली, लिंबू चोळलं. बाहेर स्टुलावर चढून पुसलं. तरी जिथल्या तिथं. निजायच्या खोलीतली खिडकी बघितली, तीही तशीच. मग मी हातानं एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. स्वैपाकघरातल्या बल्बाकडं बघितलं, त्याच्याभोवती रंगीत कडं. सुनेला विचारायची हिंमत होईना. ती सहज म्हणाली असती, 'कुठं काय, स्वच्छ तर हाय,' मग मी काय करणार होते? म्हणून तुझ्या नातवालाच सांगितलं, "खिडक्या धूसर झाल्यात रे." त्यानं मोबाइलमधून मान वर काढली नाही. "बोलावतो त्यांना," म्हणाला.

आता तुला कळलं असेल मी काहून भ्याले ते. मला तू दिसतेस, आपल्या वाडग्याच्या फाटकाशी उभी. मेंढरं चरून येतायत, एकेक आत शिरतंय, अन् तू प्रत्येकाचा कान हातात धरतेस, अंगठा फिरवतेस, सोडतेस. मी म्हणते, "माय, लईच लाड करून राहिलीस." तू म्हणतेस, "वय झालं की माया वाढती." वय कुठं झालं होतं तुझं? आपल्या मेंढरांच्या कानाला खाच असायची, ती तू बोटानं बघत होतीस. आपलं कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं हे डोळ्यांना कळायचं बंद झालं होतं, अन् मी शेजारणींना कौतुकानं सांगत फिरत होते की आमच्या मायचा जनावरात किती जीव आहे.

मग आपण औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. गर्दीत तुझा हात माझ्या हातातून सुटला, अन् तू शेजारून जाणाऱ्या एका परक्या बाईचं मनगट धरून चालायला लागलीस. तिच्याशी बोलत होतीस, माय. मी समजून तिलाच लुगडं घ्यायचं का विचारत होतीस. ती बाई वळून बघायला लागली अन् मी मागं उभी. हिंगोलीच्या डॉक्टरनं तुझे डोळे बघितले अन् म्हणाला, "आधी आणलं असतं तर थोपवता आलं असतं. गेलेली नजर येत नसते. आन् हे घराण्यात उतरतं, लेकीचे डोळे तपासत जा." एसटीत तू म्हणालीस, "त्याला काय कळतंय?" त्यानंतर त्या दुखण्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. तुझा नातू झाला तेव्हा तू त्याचं तोंड हातानं बघितलंस. कपाळ, नाक, हनुवटी. मला विचारलंस, "गोरा हाय का गं?" मी व्हय म्हणाले, अन् बाहेर जाऊन रडले.

दुपारी खिडकीवाले आले. दोघं, त्यातला थोरला मोठा बोलका. ढाबेवाली पुन्हा हजर. त्यानं समोरच्या खिडकीवरून बोट फिरवलं, वर बघितलं, अन् विचारलं, "हा खिळा कुनी ठोकला?" वर बिब्बा अन् लिंबू टांगलेलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी ढाबेवालीनंच आणलं होतं अन् स्वतःच ठोकलं होतं.

"म्या," ती म्हणाली. "नजर लागू नये म्हनून."

"ताई, नजरेचं मला ठावं न्हाई. पर खिळा बराबर काचेच्या कडेला बसला. कडेचं सील फुटलं, दमट हवा मधे शिरली. आता ते धुकं मधल्या अंगाला हाय."

"आन् पुसून?" मी विचारलं.

"आजी, कितीबी पुसा, तुमचा हातच दुखनार. चौकट हाय तशी राहू द्या, काचेची जोडी तेवढी नवी टाकू."

माय, मला त्या माणसाला ओवाळावंसं वाटलं. ढाबेवाली तोंड पाडून बसली होती, तिला म्हटलं, "जाऊ दे गं, तुझ्यामुळंच तर कळलं." तिला काहीच समजलं नाही. मग मी त्यांना तोऱ्यात निजायच्या खोलीत नेलं. "आता ही बघा."

थोरल्यानं बघितलं. दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही बघितलं. "आजी, हिला काय झालं?"

"धूसर हाय की."

सून लेकराला खांद्यावर घेऊन आली. "आत्या, ही तर चकचकीत हाय. पलीकडच्या पंक्चरवाल्याचा बोर्ड वाचता येतो हितून."

"हिला खिळाच न्हाई," थोरला म्हणाला. "खराब व्हईल कशी?"

बोर्ड कुठं होता, माय? मला पांढऱ्यात लाल काहीतरी दिसत होतं. मी हसले. म्हटलं, "व्हय की, एक बिघडली म्हनून दुसरीला बी तेच म्हनून बसले." सगळे हसले. ढाबेवाली तर डोळ्याला पदर लावून हसली. मी चहाचं बघते म्हणून आत गेले अन् ओट्याला धरून उभी राहिले. लेकरू बाहेर कशाला तरी खिदळत होतं. आवाज ऐकला अन् वाटलं, ती खळी मला अजून किती दिवस दिसेल?

इतकी वर्षं, तू गेल्यावरही, माझा तुझ्यावर राग होता, तू लपवलंस म्हणून. लोकांना डोळे तपासून घ्या म्हणून सांगताना मी तुझंच उदाहरण द्यायचे अन् स्वतः मात्र कधी गेले नाही. मला दवाखान्याचं भ्या नाही, तिथं काय सांगतील त्याचं आहे. तुझा नातू चांगला आहे. सांगितलं तर कामाला सुट्टी टाकून आज नेईल. तेच नको वाटतं. सांगितलं की खरं झालं, असं वाटतं. तुलाही असंच वाटलं असेल ना? तुला अक्षर येत नव्हतं अन् मलाही जेमतेम येतं, हा कागद कुठं टाकायचा तेही ठाऊक नाही. गादीखाली ठेवीन.

खिडकीवाले गेल्यापासून दोन्ही खिडक्यांचे पडदे मी ओढून ठेवलेत. सुनेला म्हटलं, लेकराला उजेडाची तकलीफ होते. तिला काही होत नाही, माय, ती तर उजेडाकडं तोंड करून हसते. नवी काच घेऊन ते गुरुवारी येतो म्हणालेत.