करंडा

खंडेनवमी, संध्याकाळ
मळा, देगलूर

आज अवजारांची पूजा. आईनं ट्रॅक्टरला कुंकू लावलं, पंपाला लावलं, द्राक्षं पिळायच्या यंत्राला लावलं. वायनरीतल्या फुटक्या बादलीलाही सोडलं नाही. ओकच्या बॅरलांपाशी मात्र तिचं बोट थांबलं. दोन जातींच्या द्राक्षांची आमची लाल वाईन वर्षभर त्यातच मुरून राहिली आहे. माझ्या हातची पहिली! मला राग आला, लई आला. विचारलंच, 'आई, याला का नाही?'

'टॅक्टर काय करतो ते मला म्हाईत हाय. हे कुणाच्या घरात जाऊन काय करंल, ते न्हाई म्हाईत.'

चांगली महाग वाईन आहे, लोक चवीनं घोट घोट पितात, असं कितीतरी सांगता आलं असतं. का नाही सांगितलं मी? ते थांबलेलं बोट डोळ्यांपुढून जात नाही. तिचं चुकलं, असं तरी म्हणवतं का मला?

जाताना तिनं कुंकवाचा करंडा माझ्याच हातात दिला. 'तुला खातरी असंल, तर तू लाव.'

तेव्हापासून करंडा उघडते आहे, अन् झाकते आहे.