नावेचं इंजिन आणि व्याह्यांच्या चपला

मुक्काम पैनगंगेचा काठ, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ
ता. १८ मार्च १९६२

चिरंजीव भीमराज यास,

नागोरावचा सप्रेम जयभीम आणि तुझ्या सत्यभामाताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा खोकला मुंबईच्या हवेत कसा आहे ते कळव. (सत्यभामा म्हणते, रात्री हळद-दूध घेतो का ते विचारा. विचारलं. आता मला सुखानं जेवू देईल.)

मुख्य गोष्ट अशी, की गोदीतल्या ओळखीनं तू जी शिडाची नाव ट्रकवर घालून पाठवलीस, तिच्यापायी तुझ्या भाचीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. तुला दोष देत नाही. शीड तर फारच उत्तम आहे. इकडे वारा आषाढाशिवाय वाहत नाही, म्हणून तुझी ताई त्याच्यावर तूर वाळवते. राहिलं नावेच्या पोटातलं इंजिन. मी आणि तांड्यावरचा रामधन, आम्ही दोघं भागीदार, त्याच्याच जिवावर माणसं डोहापल्याड नेतो. थंडी सरेपर्यंत बिनबोभाट चाललं. मग नावेला जे कापरं सुटलं ते काही थांबेना. तुळसाबाई बाजाराला डझनभर मडकी घेऊन बसली आणि पल्याड खापरं घेऊन उतरली. उतारू खाली उतरल्यावरही थोडा वेळ काठावर हलतच उभे राहत. आणि गंमत अशी, की इंजिन हळू केलं की नाव जास्त हादरे, जोरात सोडलं की कमी. म्हणून मी जोरातच हाकत होतो. (यात एकच खोट होती. काठ लवकर येतो.)

अशात तू सुचवलेल्या स्थळाचे वडील, श्रावणराव, आपल्या जयाला पाहायला हदगावकडून आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री, पायात ट्रकच्या टायरची कोरी करकरीत चप्पल. मी त्यांना मानानं पुढं बसवलं. मधल्या धारेत ते काहीतरी बोलले, पण दात वाजत असल्यानं मला ते शिंकल्यासारखं वाटलं. नंतर कळलं, "नाव थांबवा" म्हणत होते. थांबवायला गेलो तर हादरा असा वाढला, की मी घाबरून पुन्हा जोर दिला आणि नाव काठ चढून थेट नेमसिंगच्या टरबुजाच्या वाडीत शिरली. श्रावणराव वेलांतून उठले, धोतर झटकलं आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवले. जयाशी दोन शब्द बोलले. मग हात धुऊन मला म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण मी त्या नावेत पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि जिथं वऱ्हाड आणता येत नाही, तिथं सोयरीक कशी करायची?"

तुझ्या ताईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला इंजिनच बरं वाटलं. दुसरा रस्ता म्हणजे उमरखेडवरून दिवसभराची यष्टी, आणि यष्टी त्यांना लागते. म्हणजे व्याही अडकले. तीन दिवस.

पहिल्या दिवशी फुलसावंगीहून पिठाच्या गिरणीवाले बापूजी आले. कानाला पेचकस लावून त्यांनी इंजिन ऐकलं, तेल बदललं, जाळी धुतली. हादरा तसाच. दुसऱ्या दिवशी रामधननं बुडी मारून पंखा तपासला, तर त्याला एक अख्खं लुगडं गुंडाळलेलं! ते सोडवलं. (लुगडं कोणाचं, यावर गावात अजून बोलणं चालू आहे.) हादरा तसाच. तोवर श्रावणराव कंटाळून काठावर येऊन बसू लागले होते आणि सल्ले देऊ लागले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच सल्ल्यानं आम्ही इंजिन बांबूला बांधून बाहेर काढलं आणि धोंड्यावर घट्ट बसवून चालू केलं. अरे, मांजरासारखं गुरगुरायला लागलं!

"इंजिनाले काईच झालं नाई," बापूजी म्हणाले. "तुही नावच बिमार हाय."

बिमार नावेचं औषध कोणाकडं असतं? तेव्हा रामधनची आई सुखीबाई भाकरी घेऊन आली. तरुणपणी तिनं बैलांच्या पाठीवर मीठ लादून शेकडो कोस वाटा तुडवल्या आहेत. रिकाम्या नावेत डोकावून ती म्हणाली, "इथं खाली काय घातलं व्हतं?"

"काही नाही याडी, चिखल हाय," रामधन म्हणाला. (आईला ते याडी म्हणतात.)

"चिखल कायचा! बैलाच्या पाठीवर गादी चेपली, का गोणी एका अंगाले जाते आन् बैल झटके देते. तुह्या इंजिनाची गादी पाह्य."

मी तेलाचा चिखल खरवडला. खाली, इंजिनाच्या चार पायांच्या जागी, चार रबरी गाद्या निघाल्या. दोन पापडासारख्या चेपलेल्या, एक चिरलेली, एकीचे दोन तुकडे. मग बापूजींनी, आपल्याला हे पहिल्यापासून ठाऊक असल्यासारखं, समजावून सांगितलं: गाद्या गेल्या की इंजिन एका बाजूला बसतं, पंख्याचा दांडा वाकडा ओढला जातो आणि सगळी नाव झिंज्या ओढल्यासारखी हालते. ठीक. पण तसलं जाड रबर इथं आणायचं कुठून?

 सगळ्यांचे डोळे हळूहळू एकाच जागी जमले. श्रावणरावांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. मग मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "घ्या. घरी तर जायचंय."

दोन चपलांचे चार तुकडे झाले. इंजिन बसवलं, दांडा सरळ रेषेत आला की नाही ते बापूजींनी हातानं फिरवून पाहिलं, आणि नाव अशी निघाली, की पितळी पेल्यातला चहा डुचमळला नाही. पल्याड श्रावणराव अनवाणी उतरले. तापलेल्या वाळूत पाय उचलत उचलत ओरडले, "सोयरीक पक्की! वैशाखात!"

असो. सगळं गोड झालं.

तुझा,
नागोराव

ता. क. चपलांचं रबर तेलात फार टिकणार नाही, असं बापूजी म्हणतात. गोदीतून चार खऱ्या गाद्या पाठव. सोबत व्याह्यांना नऊ नंबरचा चपलांचा जोड.

ता. क. दुसरा. नाव सोडता सोडता श्रावणराव हळूच म्हणाले, की मुलाला त्यांनी या सोयरिकीचं अजून काहीच सांगितलेलं नाही. तो तिकडे मुंबईत तुझ्याच खात्यात कामाला आहे. तेवढं तू त्याच्या कानावर घाल. जेवण झाल्यावर घाल.

ता. क. तिसरा, जयाच्या हातचा. मामा, पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं आणि त्याला काही ठाऊक नाही ते कळलं. विचारलं तर मलाही कोणी नाही. त्याला काही सांगू नकोस, माझा फोटोही दाखवू नकोस. गाद्या मात्र पार्सलनं पाठवू नकोस, हरवतात. त्याच्याच हाती पाठव. त्याला त्या बसवता येतात का तेही पाहून घेईन.