गोड बोलण्याचे चाळीस दिवस

४ ऑगस्ट, सकाळी
आजपासून चाळीस दिवस रोज एक तास प्रार्थना, आणि तोंडातून एकही कडू शब्द नाही. काल पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, माणसाचा विश्वास त्याच्या जिभेवर दिसला पाहिजे. तेव्हा सगळी मंडळी माझ्याकडेच बघत होती. मी चर्चचा एल्डर. आदर्श म्हणूनच बघत असणार.

बायकोला, न्यागोंद्वेला, संकल्प सांगितला. ती म्हणाली, त्यापेक्षा चाळीस दिवस गप्पच बसा ना, सोपं पडेल. मी उलटून बोललो नाही. पहिला विजय. जेवताना न्सिमा, मक्याच्या पिठाची उकड, कच्ची राहिलीय एवढंच म्हणालो. ती टीका नव्हे, माहिती होती.

७ ऑगस्ट
योटामू, धाकटा भाऊ, हॉस्पिटलात आहे. लिव्हर गेलंय. अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्याची मुलगी तापाने गेली तेव्हा मातीच्या वेळी मी सगळ्या रुम्फी गावासमोर म्हणालो होतो, बाप पितो त्याची ही शिक्षा. प्रेमापोटीच म्हणालो होतो. त्याने मनाला लावून घेतलं. पहिल्यापासून हळवा.

भावजय न्याम्हांगोचा निरोप आला: तुमची वाट बघतात, एकदा येऊन जा. उद्या जायचं. ‘चुकलो’ म्हणायचं, दोन मिनिटं प्रार्थना, परत.

८ ऑगस्ट
गेलो. हातापायाच्या काड्या झाल्यात, पोट तेवढं फुगलेलं. मला बघून उठायला लागला. म्हणाला, दादा, आलास तू.

‘चुकलो’ म्हणणारच होतो, पण आधी प्रार्थना बरी म्हणून डोळे मिटले. प्रभूला सगळी हकीकत सांगावी लागली. पहिली बाटली, गेलेली नोकरी, आईचं रडणं. चाळीस मिनिटं. आमेन म्हणून डोळे उघडले तर योटामू भिंतीकडे तोंड करून. प्रार्थना आत उतरली होती.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, यातलं देवाला काही माहीत नव्हतं का हो? अज्ञानी. त्याच्यासाठीही प्रार्थना केली, मोठ्याने. ‘चुकलो’ तेवढं राहिलं.

१० ऑगस्ट
दोन दिवस जमलं नाही. चर्चमध्ये मीटिंग. विषय: आजाऱ्यांच्या भेटी. मी प्रमुख वक्ता.

११ ऑगस्ट
न्यागोंद्वेने केलेला थोब्वा, मक्याचं गोडसर पेय, घेऊन गेलो. योटामू दोन घोट प्यायला. मग विचारलं, दादा, तिचं नाव आठवतं तुला? मुलीचं. मला चटकन आठवेना. म्हणालो, नाव स्वर्गात लिहिलेलं आहे, तेवढं पुरे.

तो म्हणाला, तवोंगा. तवोंगा नाव होतं तिचं. सहा वर्षांची होती.

‘चुकलो’ म्हणायला हीच वेळ योग्य होती, असं आता वाटतं. तेव्हा मी संयमाविषयी चार शब्द बोललो.

१४ ऑगस्ट
न्याम्हांगो वॉर्डाच्या दारातच उभी. म्हणाली, झोपलेत.

१५ ऑगस्ट
झोपलेत.

१६ ऑगस्ट
झोपलेत. आजाऱ्याला झोप लागणं चांगलं लक्षण. प्रार्थनेला फळ येतंय. खिडकीतून डोकावलो तर त्या म्हाताऱ्याशी बोलताना हसत होता. झोपेतही हसतात माणसं.

१७ ऑगस्ट
न्यागोंद्वे मका निवडता निवडता म्हणाली, ते जागे असतात. तुम्ही आलात की झोपतात. मी म्हणालो, तुझ्यात कृपा नाही. ती म्हणाली, नसू दे. कागदावर एक शब्द लिहून द्या, मी नेऊन देते, आत्ता.

बसलो. ‘चुकलो’ लिहिलं. नुसतं फार उघडं वाटलं, म्हणून पार्श्वभूमी जोडली. चार पानं झाली. ती दारात चपला घालून उभी होती. म्हणालो, अजून दुसरी बाजू मांडायचीय, उद्या ने.

१८ ऑगस्ट
सहा पानं. शेवट अजून गोड हवा.

१९ ऑगस्ट
योटामू गेला. सकाळी सात वाजता.

२१ ऑगस्ट
त्याला माती दिली. शेवटची प्रार्थना थोरला भाऊ म्हणून माझीच. पुढे झालो. तेवढ्यात न्याम्हांगो उठली, माझ्या कोपराला हलकेच हात लावला. हळू म्हणाली, दादा, तुम्ही दमला असाल, बसा. इतकं मऊ म्हणाली की कोणाला कळलंही नाही. मी बसलो.

प्रार्थना त्या खाटेशेजारच्या म्हाताऱ्याने केली. हॉस्पिटलातून कुणाचा तरी हात धरून आला होता. म्हणाला, प्रभू, हा माझा सोबती. याने मला शेवटपर्यंत हसवलं. याला त्याच्या तवोंगापाशी ने. प्रार्थना संपली. सगळे रडले. मीही.

२२ ऑगस्ट, सकाळी
प्रार्थनेला बसलो. हे प्रभू, माझ्या भावाने, असं सुरू केलं आणि पुढे काय येणार ते मला पाठ होतं. थांबलो. दुसरं काही येईना.

बऱ्याच वेळाने न्यागोंद्वे बाहेरून आली. म्हणाली, आज आवाज नाही? बरं वाटत नाही का?

मी मान हलवली. ती खाली बसली, माझ्या शेजारी.