बेलवलीच्या गाळ्याची व्यवस्था

मी, अवधूत विष्णुपंत दातार, वय ६६, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. अडवणारेच जास्त होते.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी कुमुदिनी हिच्या. तिने विकावे किंवा ठेवावे, कोणाला विचारू नये. मीही तिला विचारले नव्हते.

मी अंबरनाथला केमिकल कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर होतो. माईच्या, म्हणजे आईच्या, व्हीलचेअरचे चाक तुटले तेव्हा दुकानदार नवीन खुर्ची घ्या म्हणाला. मी चाक तासाभरात बसवले. मग रविवारी लोक खुर्च्या आणू लागले. विठ्ठलवाडीच्या चाळीतून जनाबाई गायकर यांची खुर्ची आली. एका चाकापायी त्या अकरा महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या. ती दुरुस्त करून सोमवारी ऑफिसात गेलो, दिवसभर मीटिंगमध्ये बसलो, आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कुमुदिनीला ते कंपनीच्या ड्रायव्हरकडून कळले.

"नोकरी सोडलीत त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण मला ड्रायव्हरने सांगावं?"



२. सोने, गाडी, शेअर काही नाही. २०१० साली अंबरनाथचा मोठा फ्लॅट विकून हा छोटा फ्लॅट आणि खुर्च्यांच्या दुरुस्तीसाठी खालचा गाळा घेतला. चार शर्ट आहेत, ते ज्याला होतील त्याला द्यावेत.

३. मेहुणे दौलतराव मला चारचौघांत 'पंक्चरवाला' म्हणत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी नेलेला वॉकर गाळ्याचा आहे. तो मागून घ्यावा. राग नाही, वॉकर कमी पडतात.

४. गाळा, ड्रिल मशीन, व्हाइस व सर्व हत्यारे जनाबाई गायकर यांच्या मालकीची होतील. बारा वर्षे त्या खुर्चीत बसूनच खुर्च्या दुरुस्त करतात. मला चाक कळते. बसणाऱ्याला कुठे टोचते ते त्यांना कळते. त्यांच्यावर कोणतीही अट नाही.

५. मुलगा समीर यास स्थावर काही ठेवलेले नाही. त्याला जर्मनीत ॲडमिशन मिळाली होती, त्याच वर्षी मी पैसा गाळ्यात घातला. साधे राहायचे मी ठरवले, राहावे लागले तिघांना. ही चूक मी इथे लेखी मान्य करतो. तो पंधरा वर्षे गाळ्याची पायरी चढला नाही.

गेल्या महिन्यात कलम चार त्याला फोनवर वाचून दाखवले.  पुढच्या रविवारी तो त्याची मुलगी इरा हिला घेऊन आला, गाळ्यात तासभर स्टुलावर बसला. जनाबाईंनी त्याला चहा दिला आणि एका खुर्चीची फ्रेम धरायला लावली. त्याने धरली. निघताना मला म्हणाला, "बाबा, हे रजिस्टर करा. नुसत्या कागदावर राहिलं तर उद्या मीच भांडेन."

म्हणून हे दुय्यम निबंधकांसमोर नोंदवीत आहे. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर म्हणून मी समीर अवधूत दातार याची नेमणूक करतो. त्याला विचारले आहे. तो हो म्हणाला.

सही: अवधूत विष्णुपंत दातार

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. श्रद्धा मोकाशी, शिक्षिका, बेलवली
२. भावेश ठक्कर, हार्डवेअर दुकानदार, बदलापूर पश्चिम

बदलापूर, १४ नोव्हेंबर २०२५